काशीतला एक विद्यार्थी

काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या विस्तीर्ण, अर्धवर्तुळाकार आवारात हिंडताना विनोबा भावे यांचे स्मरण होते. ते येथील विद्यार्थी कधीच नव्हते! मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरले आणि काशीस गेले. विद्येचा त्यांना कंटाळा होता असे नव्हे. काशीत ते संस्कृतच शिकत होते. त्यापूर्वी, ६ फेब्रुवारीस, विश्वविद्यालयाच्या स्थापनेच्या समारंभात गांधीजींनी रत्नालंकारांनी मढलेल्या संस्थानिकांना खडे बोल सुनावले होते. ॲनी बेझंटबाईंनी त्यांना मध्येच अडविले, सभा मोडली. पाहुण्याचे ते भाषण व्यासपीठावरील थोरांना रुचले नाही. विनोबांनी मात्र त्याचा वृत्तांत वर्तमानपत्रात वाचला व गांधीजींना पत्राने शंका विचारल्या. आश्रमात येण्याचे निमंत्रण आले. ७ जूनला ते अहमदाबादेस कोचरब आश्रमात दाखल झाले.