फर्नेस बंद पडली, तर खर्च कोणाचा?

१,००० डॉलर, ३०० डॉलर आणि शून्य. अमेरिकेत स्वतःचे घर असलेल्यांनी थंडीच्या आधी हे तीन आकडे समजून घ्यावेत. पहिला डिडक्टिबलचा, म्हणजे नुकसानीतला जो भाग आधी आपल्या खिशातून जातो त्याचा. घराच्या पॉलिसीत १,००० डॉलरचा डिडक्टिबल सर्रास असतो. दुसरा, घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या फर्नेसचा इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारा भाग, बदलायला येणारा साधारण खर्च. आणि तिसरा, या दुरुस्तीसाठी विमा कंपनीकडून मिळणारी रक्कम.

मागच्या जानेवारीत आमच्या बेसमेंटमधल्या फर्नेसचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि घर गार पडत गेले. मेकॅनिकने झाकण काढून करंगळीएवढा करडा तुकडा बाहेर काढला, टॉर्चच्या उजेडात धरला. त्यावर केसासारखी बारीक चीर होती. हा इग्नायटर प्रत्येक वेळी लालबुंद तापतो, मग गार होतो. थंडीच्या दिवसात असे अनेकदा. काही वर्षांनी तो तडकतोच. मी विमा कंपनीला फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी फर्नेसला काय झाले हे विचारलेच नाही. ‘कशामुळे झाले?’ एवढेच विचारले. सगळा प्रश्न त्या ‘कशामुळे’त आहे, हे मला तेव्हा कळले.

अमेरिकेत घरांसाठी सर्वांत जास्त चालणारी पॉलिसी एचओ-३ या नावाची. तिचा घराच्या बांधकामासाठीचा भाग असा लिहिलेला असतो, की ज्या कारणांना स्पष्ट नकार दिला आहे ती सोडून बाकी सगळी कारणे मान्य. फर्नेस, बॉयलर, भिंतीतले पाइप हे बांधकामातच धरतात. ऐकायला हे फार उदार वाटते, पण नकाराची यादी नीट वाचा: झीज, गंज, यंत्रातला बिघाड, आतला छुपा दोष, मालकाचा हलगर्जीपणा, पूर, भूकंप. गॅसवरची फर्नेस साधारण १५ ते २० वर्षे चालते आणि बहुतेक वेळा बंद पडते ती यातल्या पहिल्या तीन कारणांनीच. इग्नायटर तडकला, ब्लोअरची मोटर जळाली, हीट एक्स्चेंजरला भेग गेली, यातल्या कशालाच विमा लागू होत नाही. तीच फर्नेस घराला आग लागून गेली, वीज पडून तिचा कंट्रोल बोर्ड जळाला किंवा वादळात झाड कोसळून चेपली, तर मात्र पॉलिसी पैसे देते.

देते, पण किती? समजा १५ वर्षे वापरलेली फर्नेस विजेने गेली आणि नवी बसवायला ८,००० डॉलर लागतात. पॉलिसीत बदली किमतीची भरपाई असेल, तर डिडक्टिबल वजा होऊन ७,००० मिळतात. घसारा धरून भरपाई असेल, तर २० वर्षांच्या आयुष्यातली १५ वर्षे संपली, म्हणून ६,००० आधीच गेले. उरलेल्या २,००० मधून डिडक्टिबल कापला की हातात १,०००. फर्नेस तीच, वीज तीच. पॉलिसीतल्या एका वाक्याने ६,००० डॉलरचा फरक पडतो. आपल्या पॉलिसीत यातले कोणते वाक्य आहे, हे एजंटला आजच विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.

खरी मोठी रक्कम मात्र फर्नेसच्या दुरुस्तीत नसते. ती बंद पडल्यावर घरभर जे होते त्यात असते. विमा उद्योगाच्या आकडेवारीनुसार पाणी आणि गोठण्यामुळे झालेल्या नुकसानीचा दावा दरवर्षी साधारण ६० ते ७० विमाधारक घरांपैकी एका घरातून येतो. २०१८ ते २०२२ या काळात अशा दाव्याची सरासरी रक्कम सुमारे १४,००० डॉलर होती. ३०० डॉलरच्या इग्नायटरशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

आपल्या लोकांचा संबंध इथे थेट येतो. न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट, बॉस्टन इथली कितीतरी मराठी कुटुंबे मुलांच्या सुट्ट्या साधून डिसेंबरात तीन-चार आठवडे पुण्या-मुंबईला येतात. घर रिकामे, बाहेर उणे दहा सेल्सियस आणि फर्नेस चौथ्याच दिवशी बंद. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि पाइप त्या दाबाने फुटतो. एक-अष्टमांश इंचाच्या भेगेतून दिवसाला २५० गॅलनपर्यंत, म्हणजे साडेनऊशे लिटरच्या आसपास पाणी वाहू शकते. वीस दिवसांत जवळजवळ १९,००० लिटर. पुण्यातल्या सोसायटीत १०,००० लिटरचा टँकर येतो; तसे जवळजवळ दोन टँकर आपल्या दिवाणखान्यात रिकामे झाले असे समजा.

याची भरपाई होते का? होते, पण एका अटीवर. घर उबदार ठेवण्याची वाजवी काळजी घेतली असली पाहिजे, नाहीतर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे केलेले असले पाहिजेत. दोन्हींपैकी काहीच केले नसेल, तर गोठून फुटलेल्या पाइपचे पाणी पॉलिसीच्या बाहेर जाते. अट पाळली असेल, तर भिजलेल्या भिंती, लाकडी जमीन, पाइपपर्यंत पोचण्यासाठी फोडावी लागलेली भिंत यांचे पैसे मिळतात. ज्या फर्नेसमुळे हे सगळे घडले, ती दुरुस्त करण्याचा खर्च मात्र तेव्हाही आपलाच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले. डॅलसजवळ तापमान उणे १९ सेल्सियसपर्यंत उतरले, ४५ लाखांच्या आसपास घरे-दुकाने अंधारात गेली आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसे गेली. वीज नसल्याने हीटिंग बंद, हीटिंग बंद म्हणून पाइप फुटले. साडेचार लाखांहून अधिक विमा दावे दाखल झाले. वीज जाणे हा घरमालकाचा हलगर्जीपणा नव्हता, एवढे तरी त्यांच्या बाजूने होते.

पुराचे गणित वेगळेच. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीतली बेसमेंट भरली, आणि फर्नेस असते ती बहुधा तिथेच. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर बसत नाही. सरकारी पूरविम्यात बेसमेंटमधली फर्नेस आणि वॉटर हीटर बसतात. पण तो घेतल्यावर लागू व्हायला सहसा ३० दिवस जावे लागतात. ढग दिसल्यावर घेऊन उपयोग नाही.

मग बिघाडासाठी काय? दोन वाटा आहेत. घराच्या पॉलिसीला ‘इक्विपमेंट ब्रेकडाउन’ची जोड मिळते. ती साधारण वर्षाला २५ ते ५० डॉलरला पडते आणि तिचा डिडक्टिबल बहुधा ५०० असतो. मोटर अचानक जळाली तर ती उपयोगी पडते. निव्वळ झीज तिच्यातही नाही. दुसरी वाट होम वॉरंटीची. हिच्यात झीज बसते, पण वर्षाला ५०० डॉलरच्या आसपास भरायचे आणि माणूस घरी आला की दर वेळी वरून ७५ ते १२५. दहा वर्षांत ५,००० च्या वर जातात, म्हणजे साध्या नव्या फर्नेसच्या किमतीजवळ. फर्नेस नवी असेल तर पहिली वाट घ्यावी आणि ती १५ वर्षांची झाली असेल तर वॉरंटीचे पैसे बाजूला ठेवून नव्या फर्नेसची तयारी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या दाव्यांच्या मागेही लागू नये. दाव्याची नोंद विमा कंपन्यांच्या सामायिक नोंदवहीत सात वर्षांपर्यंत राहते आणि पुढच्या प्रीमियमच्या वेळी ती पाहिली जाते.

या डिसेंबरात भारतात येणार असाल, तर सामान भरण्याआधी बेसमेंटमध्ये उतरा. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, खालचा नळ उघडून पाइप रिकामे करा. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका. बंद व्हॉल्व्हचा आणि थर्मोस्टॅटचा तारखेसह फोटो काढून ठेवा, फर्नेस तपासून घेतल्याची पावतीही त्याच्यासोबत ठेवा. आणि घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे द्या, दोन दिवसांआड आत डोकावून जायला सांगा.