दोषच मोजणारं मन

‘नैराश्यात माणसाला स्वतःचं खरं रूप कळतं म्हणतात, ते कितपत खरं?’ असं भिवंडीच्या एका वाचकाने विचारलं आहे. उदाहरण त्यांच्याच गावचं घेऊ. यंत्रमागावरून उतरलेला ताका तपासणारा माणूस तुटलेला धागा नि तेलाचा डाग हुडकतो. चांगलं कापड नजरेखालून सरकत जातं, वहीत चढतात ते दोषच. नुसती ती वही वाचणाऱ्याला अख्खा ताकाच वाया गेलेला वाटेल. नैराश्यातलं मन स्वतःची वही अशीच लिहितं. प्रयोगात विशेषणं दाखवून ‘हे तुम्हाला लागू पडतं का?’ असं विचारलं, तर नैराश्यग्रस्तांना पुढे ‘निकामी’सारखे शब्दच जास्त आठवतात.

याचा छडा गमतीने लागला. फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक फ्रॉइडच्या परंपरेतले. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हे सिद्ध करायला त्यांनी रुग्णांची स्वप्नं तपासली. राग सापडेना, स्वप्नात भेटला तो हरलेला, नाकारलेला माणूस. जागेपणीही रुग्ण स्वतःबद्दल तेच बोलत होते! बेकनी लाडका सिद्धान्त सोडला आणि रुग्णांचं म्हणणं धरलं. असे शास्त्रज्ञ विरळाच.

‘खरं रूप’ ही कल्पना मात्र १९७९ची. मानसशास्त्रज्ञ लॉरेन ॲलॉय आणि लिन अब्रॅमसन यांनी विद्यार्थ्यांना बटण देऊन विचारलं, दिवा लागणं तुमच्या हातात किती? उदास विद्यार्थ्यांचा अंदाज जास्त अचूक निघाला. पण हा अंदाज दिव्याचा होता, स्वतःच्या लायकीचा नव्हे! २०२२मध्ये इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तेवढंही हाती लागलं नाही. तरी ‘दुःखी तोच शहाणा’ हे वाक्य अजून फिरतंच आहे.

मग वही बदलायची कशी? गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने वाद घालण्यापेक्षा कामाला हात घातला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना सुटलेली कामं थोडी थोडी पुन्हा धरायला लावली. दहा आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांच्या या चाचणीत तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांची लक्षणं ओसरली. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं.

तेव्हा घरात कोणी ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ म्हणत असेल, तर त्याच्या गुणांची यादी वाचू नका. सोबत बाजारापर्यंत चला. आणि १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक लावून द्या.