बॉनेटाची खिट्टी

हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वराच्या देवळाजवळच्या काळ्या कातळात जी बामणघळ आहे, तिच्या काठाशी भरतीच्या वेळी उभ्या राहिलेल्या माणसाला, कोंडलेल्या प्रवाहाच्या अंगी केवढे सामर्थ्य असते हे समजावून घेण्यासाठी पदार्थविज्ञानाचा ग्रंथ उघडावा लागत नाही. लाट येते ती रुंद आणि संथ. परंतु कातळाच्या त्या चिंचोळ्या भेगेत एकदा शिरली, की तिला बाजूस वाव नाही आणि पुढे वाट नाही, म्हणून मागून येणाऱ्या पाण्याच्या रेट्याने ती एकाएकी आकाशाच्या दिशेने उसळते आणि तिचे तुषार वर उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर येतात. डोंगरावरच्या दशभुजा लक्ष्मीगणेशाचे दर्शन घेऊन खाली उतरलेली पाहुणेमंडळी हा चमत्कार कौतुकाने पाहतात. मला मात्र गेल्या वैशाखापासून ते उसळणारे पाणी पाहिले की आमच्या जुन्या अँबॅसडरचे बॉनेट आठवते. आणि त्या आठवणीमागे जो प्रसंग आहे, त्याच प्रसंगाने मला या लेखाच्या विषयाकडे, म्हणजे बॉनेटाला बाहेरून बसवावयाच्या खुंट्यांकडे, नेले.

वडिलांनी १९७१ साली घेतलेली ती ‘मार्क टू’ हेदवीच्या घराच्या पडवीलगत, जांभ्याच्या गडग्याच्या आत, झापांच्या मांडवाखाली उभी असते. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेच्या आराखड्यावरून बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यातून १९५७-५८ च्या सुमारास निघू लागलेली ही गाडी, आपले बाह्यरूप फारसे न बदलता, २०१४ च्या मे महिन्यापर्यंत तेथून निघत राहिली. तिचे बॉनेट रुंद, जड आणि गोलाईदार. बिजागऱ्या मागे, काचेपाशी, आणि उघडते ते पुढून, सुसरीच्या जबड्यासारखे. अशा बॉनेटाची सारी भिस्त पुढच्या कुलपावर असते. कुलूप सुटलेच, तर कड बोटभर उचलली जाताच तिला अडवणारी एक दुय्यम आकडी त्याच्या जोडीला दिलेली असते. पण तीही जर निसटली, तर समोरची हवा त्या फटीत शिरून सबंध पत्रा उलटा काचेवर आदळते आणि चालविणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रस्त्याऐवजी काळोख उभा राहतो.

आमच्या बाबतीत ती आकडी टिकली. चिपळूणहून गुहागरकडे येताना, एका मोकळ्या उतारावर, समोरून येणारी एस. टी. वेगाने ओलांडून गेली आणि तिच्या वाऱ्याच्या झोताबरोबर आमच्या बॉनेटाची कड टक्कन उचलली गेली. मी गाडी कडेला घेतली. कुलपाची स्प्रिंग पन्नास वर्षांच्या खाऱ्या हवेने गंजून इतकी निर्जीव झाली होती, की ती अंगठ्याने दाबली तर परत येण्यास विचार करीत होती. बॉनेट सुतळीने बांधून, ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने आम्ही घरी पोहोचलो.

हा वाऱ्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगास समोरून थोपविलेल्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो वजनाइतका भरतो, तर ताशी १०० किलोमीटरला तोच ४७ किलोंच्या घरात जातो. एवढा सगळा दाब बॉनेटाच्या सर्वांगावर पडत नाही, हे खरे. परंतु पुढच्या जाळीतून आत घुसलेल्या हवेला रेडिएटर आणि इंजिन यांच्या गर्दीतून सहज वाट मिळत नाही, म्हणून ती खालून बॉनेटाला रेटते, आणि त्याच वेळी वरच्या गोलाईवरून वेगाने सरकणारी हवा त्याच पत्र्याला कित्येक ठिकाणी वर ओढते. बामणघळीत पाणी जे करते, तेच येथे हवा करते.

या शक्तीचा बंदोबस्त मोटारीच्या इतिहासात प्रथम बाहेरूनच झाला. दोन्ही बाजूंनी उघडणारी जुनी बॉनेटे उघड्या आकड्यांनी बांधलेली असत, आणि शर्यतीच्या गाड्यांवर तर घोड्याच्या तंगासारखा कातड्याचा रुंद पट्टा आडवा आवळलेला असे. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी आणलेली विलीज जीप ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या बॉनेटाच्या दोन्ही अंगांच्या आकड्या आठवत असतील. पुढे घरगुती मोटारींनी कुलूप पोटात घेतले. धाडसी स्पर्धांच्या गाड्यांनी मात्र बाहेरचा बंदोबस्त सोडला नाही. अशा स्पर्धा किती खडतर असत, हे पाहावयाचे तर १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीकडे जी सुप्रसिद्ध मोटार-मॅरेथॉन निघाली, तिच्यातील ९८ गाड्यांपैकी ७२ गाड्या काबूल-दिल्लीचा मुलूख तुडवीत मुंबईस पोहोचल्या आणि तेथून ‘चुसान’ या आगबोटीने ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदराकडे रवाना झाल्या. शेवटी ती स्पर्धा अँड्र्यू कॉवनच्या हिलमन हंटरने जिंकली. अमेरिकेत याच्या पुढच्याच वर्षी प्लिमथ रोडरनर आणि डॉज सुपर बी यांची जी खास आवृत्ती निघाली, तिच्या बॉनेटाला बिजागरीच नव्हती. चार खुंट्यांवर ते बसे, आणि खुंट्यांच्या पिना काढल्या की दोन माणसांनी झाकणासारखे उचलून बाजूला ठेवावे लागे. शोभेसाठी खुंट्या लावण्याची हौस नंतर बोकाळली, पण वस्तूचा जन्म गरजेतून झाला, याविषयी शंका नको.

तिची रचना आपल्या घराच्या दाराला जो कडी-कोयंडा असतो, त्याहून निराळी नाही. रेडिएटरवरच्या आडव्या पट्टीवर आटे पाडलेली एक खुंटी उभी करावयाची. बॉनेट मिटले की ती त्यातील भोकातून वर डोकावते. तिच्या डोक्यातील आरपार छिद्रातून केसांच्या आकड्यासारखी एक स्प्रिंगची पिन सरकवावयाची. पत्रा खरवडू नये म्हणून भोकाभोवती चकती, आणि पिन हरवू नये म्हणून तिला वेष्टण घातलेली बारीक तार. एवढाच सरंजाम. आतले कुलूप लागले की नाही, हे आवाजावरून ताडावे लागते. ही खिट्टी मात्र डोळ्यांना दिसते आणि बोटाला लागते, आणि याच गुणासाठी मला ती आवडते.

तथापि, पन्नास वर्षे जपलेल्या पत्र्याला भोक पाडणे ही गोष्ट सहज करण्याजोगी नाही, आणि येथे केवळ मनाचा नव्हे, तर कायद्याचाही प्रश्न येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. शिवाय केंद्रीय नियमांत जुलै २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वये प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीस २०,००० व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क पडते, मुदत दहा वर्षांची असते, आणि अशी गाडी नित्याच्या वा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मात्र तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. दोन भोके हा मोठा फेरफार होय की नव्हे, याचा निवाडा आपल्या सोयीने घरी बसून करू नये; ज्यांना त्या दप्तरी अर्ज करावयाचा असेल, त्यांनी ड्रिल हाती घेण्यापूर्वी तेथे विचारून घ्यावे. आणि संस्थानी काळातील एखादी दुर्मीळ गाडी ज्याच्या पदरी आहे, त्याने तर भोक पाडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी कातड्याचा पट्टा आहे, आणि त्याहून आधी कुलपाची दुरुस्ती आहे. आमची गाडी आजही चिपळूणच्या बाजाराला जाते, तिचे बॉनेट पुनश्च मिळण्याजोगे आहे, म्हणून मी हे धाडस केले.

कामास आरंभ केला तो कुलपापासून. स्प्रिंग बदलली, जिभेवरचा गंज घासून काढला, बॉनेटाखालचे रबरी ठोकळे समपातळीत आणले, आणि बॉनेट दोन्ही अंगांना सारख्या फटीने बसते याची खात्री करून घेतली. या क्रमाचे महत्त्व मला शेजारच्या सुतारकाकांनी पटविले. ते गडग्यावर हात टेकून बराच वेळ पाहत होते, आणि मग म्हणाले, “भाऊ, कोयंड्यानं कडी नुसती धरायची असते, दार ओढायचं नसतं. तो ओढायला लागला तर समजावं, चौकट कलली.” खुंटीच्या शास्त्रातील सर्वांत मोठा नियम या दोन वाक्यांत आला आहे. पुष्कळ लोक न बसणारे बॉनेट खुंट्यांनी ओढून बसवितात. मग पत्र्यास ताण पडतो, चकतीभोवती रंग तडकतो, आणि जे कुलूप मुळात दुरुस्त व्हावयास हवे ते तसेच राहते.

नंतर जागेची निवड. वर बॉनेटाच्या आतली बळकटीची पट्टी आड येता कामा नये आणि खाली रेडिएटरची नळी, या दोन अटी सांभाळून मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सारखे अंतर घेतले. तेव्हा असे आढळले की गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा चार मिलिमीटरांनी आखूड आहे. हाताने जुळवून बसविलेल्या जुन्या अंगकाठीत असा फरक असावयाचाच. मापपट्टी एक सांगत होती आणि डोळे दुसरे. अखेर बॉनेटाच्या मधल्या उंचवट्याला प्रमाण मानले, कारण पाहणाऱ्याची नजर तेथूनच दोन्हीकडे जाते. आडव्या पट्टीत बारा मिलिमीटरच्या खुंट्या वर-खाली नट देऊन उभ्या केल्या. मग वरच्या पत्र्यावरची नेमकी जागा कशी शोधावी, हा प्रश्न होता. पत्नीने देवघरातून कुंकू आणून दिले. ते खोबरेल तेलात कालवून दोन्ही खुंट्यांच्या टोकांना लावले, आणि बॉनेट अलगद, अगदी श्वास रोखून, टेकेपर्यंत खाली आणले. पुन्हा उचलले तेव्हा त्याच्या आतल्या अंगावर, पन्नास वर्षांच्या धुळीच्या पुटात, दोन तांबडे टिळे उमटले होते.

त्या टिळ्यांवर सेंटर पंचाने खूण करून, खालून तीन मिलिमीटरचे भोक पाडले. वरच्या रंगावर कागदी चिकटपट्टी लावून तेच भोक मग वरून पायऱ्यांच्या बिटाने, मंद गतीने, तेलाचा थेंब देत मोठे केले. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. घाई केली तर बिट त्याला फाडते. येथे भूमितीचाही एक कारभार आहे. बॉनेट सरळ खाली उतरत नाही, ते बिजागरीभोवती वर्तुळाच्या कमानीत उतरते; बिजागरी खुंटीपासून ११०० मिलिमीटर मागे आणि २०० मिलिमीटर उंच असेल, तर शेवटच्या ४० मिलिमीटरांच्या प्रवासात भोक सात मिलिमीटर मागे सरकते. म्हणून नेमके खुंटीच्या मापाचे भोक ठेवले तर त्याची मागची कड खुंटीच्या टोकावर अडते. मी कानशीने मागची कड घासून भोक किंचित लांबट केले आणि खुंटीचे टोक पुढच्या अंगाला केसभर कलते ठेवले. चकतीने ती लांबट वाट झाकली गेली. या कानशीच्या कामास सबंध एक दुपार गेली, आणि ती सत्कारणी लागली असे मी मानतो. उंची अशी ठेवली की पिन चकतीला स्पर्श करील, पण दाबणार नाही. आणि वर राहिलेला भाग शक्य तितका आखूड, कारण रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने बॉनेटावरचा प्रत्येक उंचवटा हे एक शस्त्र असते.

कोकणात खरी लढाई मात्र याच्यानंतर सुरू होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, उरलेल्या काळात समुद्राचा खारा वारा आणि वाऱ्याबरोबर जांभ्याची तांबडी धूळ, यांच्यापुढे उघडा पत्रा एक महिना टिकत नाही. खुंट्या, चकत्या आणि पिना स्टेनलेस पोलादाच्या घेतल्या, म्हणजे काम झाले असे नव्हे. उलट स्टेनलेस आणि साधे लोखंड यांच्यामध्ये खारट ओल आली, की दोहोंत विद्युत-क्रिया सुरू होऊन साध्या लोखंडाचाच बळी जातो. म्हणून भोकाच्या कच्च्या कडांना रेड ऑक्साइडचे दोन हात, त्यावर गाडीचा रंग, आणि प्रत्येक चकतीखाली पातळ रबराचे बैठक-वर्तुळ दिले. आडव्या पट्टीतील भोकांनाही हाच उपचार केला. दृष्टीआड असलेल्या त्या जागा बहुतेकांच्या हातून तशाच राहतात, आणि गंज तेथूनच शिरतो.

सबंध पावसाळा गाडी मांडवाखाली होती. आश्विनात आकाश मोकळे झाल्यावर मी दोन्ही पिना काढल्या आणि चकत्यांचे स्क्रू सैल करून खाली पाहिले. उजवी बाजू निर्मळ होती. डाव्या चकतीखाली, भोकाच्या मागच्या कडेला, जेथे कानस जास्त फिरली होती आणि रंगाचा हात बहुधा पातळ पडला होता, तेथे कुंकवाच्या टिकलीएवढा एक तांबूस ठिपका होता. चकती पुरी काढली, बारीक पॉलिश पेपराने ठिपका शुद्ध लोखंड दिसेपर्यंत घासला, रेड ऑक्साइड पुन्हा लावले, आणि बॉनेट दोन दिवस उन्हात उघडे ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी चकती परत बसवून दोन्ही पिना सरकवल्या, प्रत्येकीला बोटाने एकदा ओढून पाहिले, आणि जयगडला जाणारी फेरीबोट गाठण्यासाठी तवसाळच्या रस्त्याला लागलो.