लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवू नका

वस्तीवर राखणीला पिल्लू आणले की कोणी त्याला पहिल्या दिवसापासून मोकळे हिंडू देतो, तर कोणी लसी पुऱ्या होईपर्यंत पडवीत बांधून टाकतो. पहिल्याचे पिल्लू पार्व्होच्या रक्ती हगवणीने दगावण्याची भीती. दुसऱ्याचे मोठेपणी ट्रॅक्टरला बुजते, पाहुण्यांच्या अंगावर जाते.

पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारते ते ३ ते साधारण १४ आठवड्यांच्या वयात. लसी मात्र ६ ते ८ आठवड्यांपासून पुढे १६ आठवड्यांपर्यंत चालतात. मग थांबून कसे भागेल?

तेव्हा त्याला उचलून न्यावे. पोरांना हे काम आयतेच आवडते! कडेवरूनच बैल, पाण्याचा पंप, काठी टेकणारे आजोबा दाखवावेत. घाबरले तर पुढे रेटू नये, लांबूनच दाखवावे. पहिल्या लसीला आठवडा झाला, की शेजारच्या लस टोचलेल्या शांत कुत्र्याशी अंगणात खेळू द्यावे. उकिरडा आणि बाजारतळ मात्र वर्ज्य. जिथे कुत्रे हगवणीने मेले, तिथेही सोडू नये. हा विषाणू मातीत वर्षभरही टिकतो. वहाणा दाराबाहेरच काढाव्यात.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. तोवर खेळताना जरी दात लागला, तरी जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.