नवतपात जीप थंड ठेवायची तर

मे अखेरीस नवतपा लागला की नागपूर जिल्ह्यातल्या खाप्यात दुपारचे रस्ते ओस पडतात. पण संत्र्याच्या बागेला पाणी, फवारणीचं सामान, मजुरांची ने-आण ही कामं ऊन पाहून थांबत नाहीत. म्हणून कन्हानच्या काठापासून पेंचच्या जंगलाच्या कडेपर्यंत जुन्या फोर-व्हील गाड्या ऐन उन्हात धावत असतात. कुणाकडे महिंद्राची एमएम ५४०, कुणाकडे त्याहून जुनी सीजे, कुणाकडे मारुतीची जिप्सी. आणि याच दिवसांत त्यांचा टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो मोठा रेडिएटर बसवण्याचा. माझं मत वेगळं आहे. मोठा रेडिएटर हा शेवटचा उपाय. आधी गाडी नवी असताना जितकी थंड राहत होती तितकी तिला पुन्हा करायची, मग रेडिएटरमधून जाणारी हवा वाढवायची. एवढं नीट झालं तर बहुतेक जुन्या जीप मूळ रेडिएटरवर विदर्भाचा उन्हाळा काढतात.

उष्णता येते कुठून ते आधी पाहू. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश चाकं फिरवण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच सायलेन्सरवाटे निघून जाते. उरलेली बरीचशी ब्लॉक आणि हेडच्या धातूतून पाण्यात उतरते, आणि ती रेडिएटरनं हवेत सोडायची असते. एमएम ५४० मधलं २११२ सीसीचं प्युजो इंजिन डिझेल थेट सिलिंडरात न जाळता आधी हेडमधल्या एका छोट्या कोठडीत पेटवतं. त्या कोठडीच्या भिंतींवाटे पाण्याला जास्त उष्णता मिळते. त्यामुळे डिझेल थेट सिलिंडरात जाळणाऱ्या नंतरच्या डीआय इंजिनांच्या मानानं या इंजिनाच्या पाण्यावर भार जास्त पडतो.

रेडिएटर किती उष्णता सोडू शकेल हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आहे असं धरा. पौषातल्या २६ अंशांच्या दुपारी हा फरक ६४ अंशांचा असतो. मे महिन्यात पारा ४६ वर गेला की तोच फरक ४४ वर येतो. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, पण ताकद जवळजवळ एक तृतीयांशानं कमी झाली. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि तीही सावलीतली. डांबरी रस्त्यालगतची हवा याहून तापलेली असते. हिवाळ्यात अर्धा चोंदलेला रेडिएटर निभावून नेतो तो या फरकाच्या जोरावर. उन्हाळ्यात तो आधार जातो आणि दडलेला दोष वर येतो.

दोष कुठे आहे हे गाडी स्वतःच सांगते, फक्त ती कधी तापते ते बघायला हवं. उभी असताना, शेतातल्या पांदणीतून लो गिअरमध्ये जाताना किंवा जंगलात सावकाश चालताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येत असेल, तर कमतरता हवेची आहे. पंखा, बेल्ट आणि पंख्याभोवतीचं आवरण तपासा. उलट, सावनेर रोडला वेग धरला किंवा भरलेली ट्रॉली ओढली की तापते आणि हळू चालवली की निवते, तर कमतरता पाण्याच्या वाहण्याची आहे. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, वॉटर पंपाच्या आतली पाती झिजली असतील किंवा खालचा होज पाईप दबत असेल. आणि सकाळी गार गाडी चालू करताच दोन मिनिटांत वरचा होज कडक होत असेल, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरा. मग बाकी कशावरही पैसे घालण्यात अर्थ नाही, आधी हेड उघडा.

खालच्या होजबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिकडे कुणी पाहत नाही. हा पाईप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तो आत दबू नये म्हणून अनेक गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग घातलेली असते. वर्षानुवर्षांनी ती गंजते, किंवा होज बदलताना नव्यात घालायची राहून जाते. गाडी उभी असताना सगळं ठीक दिसतं. रेस वाढवली की पाईप चपटा होतो आणि पाणी अडतं. इंजिन गरम झाल्यावर एकानं ॲक्सिलरेटर दाबायचा आणि दुसऱ्यानं पंख्यापासून लांब उभं राहून त्या पाईपकडे बघायचं. दोष असेल तर डोळ्यांनी दिसतो.

आता हवा. जीपची चाल हळू, म्हणून तिचा सगळा भार पंख्यावर. पंखा कितीही चांगला असला तरी त्याच्याभोवती आवरण नसेल तर तो समोरची गार हवा ओढण्याऐवजी बाजूची तापलेली हवाच पुन्हा पुन्हा घुसळत राहतो. हे पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं आवरण, म्हणजे श्राउड, जुन्या जीपमधून हमखास गायब असतं. कधी काळी रेडिएटर उतरवताना काढलं आणि परत बसवलंच नाही. तपासायचं कसं? इंजिन जरा रेसवर ठेवून वर्तमानपत्राचा कागद जाळीसमोर धरा. मधोमध तो चिकटून बसेल. आता तोच कागद चारही कोपऱ्यांत न्या. कोपऱ्यात तो गळून पडत असेल, तर रेडिएटरचा तेवढा भाग पंख्याच्या कामी येतच नाही. चांगलं श्राउड रेडिएटरच्या चारही कडांना फटीविना टेकतं आणि पंख्याची पाती त्याच्या गोल तोंडात निम्मी आत, निम्मी बाहेर राहतात. पात्यांच्या टोकांभोवती दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडावी, कारण खडबडीत वाटेवर इंजिन माउंटिंगवर हलतं आणि पातं घासू शकतं. असं आवरण पत्र्याचं काम करणारा कोणताही कारागीर बनवून देईल. माझ्या मते उन्हाळ्यासाठी याहून जास्त फळ देणारा खर्च दुसरा नाही.

त्याच्याबरोबर रेडिएटरच्या वरची आणि बाजूंची फट रबर किंवा फोमच्या पट्टीनं बुजवा. हवेला सोपी वाट मिळाली की ती रेडिएटरमधून न जाता तिथूनच जाते. जाळीपुढे लावलेले मोठे दिवे, नंबर प्लेट, बुल गार्डचा आडवा पत्रा हे सगळं हवेच्या वाटेतले अडथळे आहेत, तेवढे बाजूला घ्या. इंजिनाखालून गरम हवा बाहेर पडायची वाटही मोकळी हवी. बेल्ट अंगठ्यानं दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा, त्याहून जास्त नको. पंखा दुरुस्तीनंतर उलटा बसला असेल तर हवा येते खरी, पण कमी येते. पात्याचा खोलगट भाग इंजिनाकडे असला पाहिजे.

रेडिएटरची बाहेरची जाळी हा इथला खास विषय आहे. कच्च्या रस्त्यांची धूळ, गवताची कुसळं, कापसाचे तंतू यांचा जाळीच्या आत एक नमदाच तयार होतो आणि तो समोरून सहज दिसत नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला मारावं, म्हणजे कचरा आला त्या वाटेनं परत जातो. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा जवळून मारू नका, पातळ पापुद्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. याच कारणानं फार दाट पापुद्र्यांचा कोर या भागात घेऊ नये. कागदावर तो जास्त थंड करतो, खऱ्या धुळीत महिनाभरात चोंदतो. नळ्यांच्या चार ओळी असलेल्या कोरचंही तसंच आहे. मागच्या ओळीला पुढच्या तिघींनी तापवलेलीच हवा मिळते, म्हणून ओळ वाढली तरी फायदा त्या हिशेबात वाढत नाही.

आतली बाजू मात्र पाण्यानं बिघडते, आणि इथे खाप्याची जमीन आडवी येते. या पट्ट्यात मँगनीज सापडतं, गुमगावची खाण जवळच आहे. त्या मँगनीजच्या सोबतीनं भूगर्भात संगमरवर आणि डोलोमाइटचे थर आहेत. अशा खडकातून झिरपलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. ते तापलं की हेडच्या आणि ब्लॉकच्या आतल्या वाटांवर पांढरा, कठीण थर बसतो. हा थर ओतीव लोखंडापेक्षा वीस पटींहून कमी उष्णता वाहून नेतो. म्हणजे पाणी वाहतं, पंखा फिरतो, आणि तरी धातूची उष्णता पाण्यात उतरत नाही. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं थांबवा. अडचणीत एकदा घातलं तर हरकत नाही, पण नंतर काढून टाका.

सफाई करताना रेडिएटरच्या खालच्या कॉकवर थांबू नका. ब्लॉकच्या बाजूलाही एक कॉक किंवा प्लग असतो. तो उघडला तरी पुष्कळदा थेंबही येत नाही, कारण आत गंजाचा गाळ घट्ट बसलेला असतो. तार घालून तो फोडा. काळपट-तांबडं पाणी भसकन बाहेर येईल. ब्लॉक आणि हेड दोन्ही लोखंडी असलेल्या इंजिनात लिंबूसत्त्वाचं पाणी भरून, गाडी थोडी चालवून, मग स्वच्छ पाण्यानं निवळ येईपर्यंत धुता येतं. जिप्सीसारख्या ज्या गाड्यांत यांपैकी काही ॲल्युमिनियमचं असतं, तिथे लिंबूसत्त्व नको. त्यासाठी बाजारात मिळणारं रेडिएटर फ्लशच वापरावं. तांब्या-पितळेचा रेडिएटर तरीही मोकळा झाला नाही तर रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग करून घ्या. तो वरची टाकी उकलतो, एकेका नळीतून पातळ पट्टी फिरवतो आणि टाकी पुन्हा डाग देऊन बसवतो. बंद नळ्या ओळखायला करोनाच्या काळात घरोघरी दिसू लागलेल्या बंदुकीसारख्या थर्मामीटरचाच औद्योगिक प्रकार उपयोगी पडतो. गरम रेडिएटरवर तो फिरवला की गार पट्टे सापडतात. जिथे गार, तिथे पाणी जात नाही.

थर्मोस्टॅटबद्दल आमच्याकडे एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "इथल्या उन्हात कायले पायजे ते, काढून टाका भाऊ." हे ऐकू नका. तो साधारण ८२ अंशांना उघडू लागतो आणि पुढे पूर्ण मोकळा होतो. तापलेल्या गाडीत चांगला थर्मोस्टॅट काहीच अडवत नसतो. काही इंजिनांत तो उघडतानाच बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर काढून भांड्यातल्या पाण्यात दोऱ्यानं लोंबता धरा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. उघडला नाही तर नवा घाला.

रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीचं काम करतं. दाब धरला की पाणी उशिरा उकळतं. ७ पौंडांचं झाकण असेल तर साधं पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही, १३ पौंडांचं असेल तर सुमारे ११८ पर्यंत. झाकणाचं रबर वाळलं की हे सगळं संरक्षण जातं. मात्र जुन्या रेडिएटरला हौसेनं जास्त दाबाचं झाकण लावू नये, सांधे उकलतात. गाडीच्या पुस्तकातलाच आकडा घ्या. ज्या जीपमध्ये ओसंडणारं पाणी नळीतून रस्त्यावर पडतं, तिला साठवणीची बाटली आणि दोन रबरांचं झाकण बसवा. इंजिन गार होताना सांडलेलं पाणी परत ओढून घेतलं जातं आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला राहतो.

कुलंट जास्त घातलं म्हणजे गाडी जास्त थंड राहते, हा समज चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणीच वरचढ. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची ती ताकद पाण्याच्या सहापैकी पाच भागांएवढीच असते. कुलंट घालायचं ते गंज आणि थर रोखायला, पंपाच्या सीलला जपायला आणि उकळबिंदू थोडा वर न्यायला. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, म्हणून डब्यावर दिलेल्या कमीत कमी प्रमाणात, पण डिस्टिल्ड वॉटरमधून घाला. प्रमाण अगदी कमी केलं तर गंजरोधकही कमी पडतं.

इलेक्ट्रिक पंख्यावर सगळा भरवसा ठेवू नये. जुन्या अल्टरनेटरला, त्याहून डायनॅमोला, तो भार पेलत नाही. नंतर एसी बसवला असेल तर त्याच्या कंडेन्सरपुढे जोडीला म्हणून तो ठीक आहे. डिझेल पंप जास्त इंधन सोडत असेल आणि गाडी काळा धूर टाकत असेल, किंवा एखादा ब्रेक धरून राहत असेल, तर तेही उष्णतेचं मूळ आहे. ते आधी काढा.

काट्याची एक मर्यादा लक्षात ठेवा. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. होज फुटून पाणी निघून गेलं की त्याच्याभोवती नुसती वाफ उरते आणि काटा खाली येऊ शकतो. इंजिन जळत असताना काटा शांत दिसतो. पाणी कमी झाल्याची सूचना देणारा वेगळा अलार्म बसवला तर हेडचा मोठा खर्च वाचतो.

ही सगळी कामं होळीच्या आधी उरकावीत. आणि तरी वाटेत काटा चढलाच तर गाडी सावलीत घ्या, बॉनेट उघडा, पाणी असेपर्यंत इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवा, मग बंद करा. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. वरचा होज हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. दाब सुटताच आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.