विश्लेषण : दिसायला एक, संकेतांक दोन… फारसी ‘ये’मुळे शोध का फसतो?

फारसी मजकुरात ‘ईरान’ हा शब्द डोळ्यांसमोर असतो, तरीही शोध घेतल्यावर मोबाइल ‘सापडला नाही’ असे सांगू शकतो. शब्दाच्या लेखनात चूक नसते. मजकुरातील ‘ये’ आणि शोधताना टंकलेली ‘ये’ ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरे असतात. दोन नोंदींमधील नावे किंवा पत्ते जुळवतानाही हाच घोळ होतो.

दोन ‘ये’ कोणत्या?

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक, म्हणजे संकेतांक असतो. दशमान पद्धतीने अरबी ‘ये’चा संकेतांक १६१० आहे, तर फारसी ‘ये’चा १७४०. उर्दूतील ‘छोटी ये’ही १७४० याच क्रमांकाची. अरबी लिपीत अक्षराचे रूप शब्दातील जागेनुसार बदलते. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये या दोन्ही ‘ये’ हुबेहूब सारख्या दिसतात. खाली दोन नुक्ते. शेवटी किंवा सुटे अक्षर लिहिताना मात्र अरबी ‘ये’चे नुक्ते राहतात, फारसी ‘ये’चे जातात. ‘ईरान’मध्ये ‘ये’ शेवटी येत नसल्याने फरक दिसतच नाही. ‘काफ’चेही असेच आहे : अरबी १६०३, फारसी-उर्दू १७०५.

मग एकच क्रमांक का दिला नाही?

कारण शेवटचे ते दोन नुक्ते अर्थ बदलतात. अरबीत ‘अली’ हे नाव आणि ‘वर’ या अर्थाचा ‘अला’ हा शब्द यांच्या लेखनात, स्वरचिन्हे वगळली तर, एवढाच फरक उरतो. दोन्ही भाषांसाठी एकच क्रमांक ठेवला असता, तर शेवटी नुक्ते द्यायचे की नाही हे फॉण्टला कळले नसते.

घोळ वाढला कसा?

युनिकोड रुळण्याआधी विंडोजवर अरबी लिपीसाठी ‘१२५६’ हा संकेतसंच होता. त्यात जेमतेम २५६ जागा. त्यातच काही फ्रेंच अक्षरेही बसवली होती. फारसी ‘ये’ला मात्र जागा नव्हती. त्यामुळे फारसी मजकूरही अरबी ‘ये’ वापरून टंकला गेला. पुढे युनिकोड आणि नवे कळफलक आले, पण जुन्या नोंदी तशाच राहिल्या. इराणने २००२ मध्ये ‘आयएसआयआरआय ६२१९’ या मानकाद्वारे युनिकोडवर आधारित फारसी लेखनाची पद्धत ठरवली.

उपाय काय?

युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियम या दोन अक्षरांना एक मानत नाहीत. ते काम सॉफ्टवेअरला करावे लागते. ‘लुसीन’ या मुक्त शोधप्रणालीत फारसी ‘ये’ आणि ‘काफ’ आतल्या आत अरबी रूपात बदलून मग तुलना करण्याची सोय आहे. मूळ मजकूर तसाच राहतो. संकेतस्थळांच्या नावांत धोका अधिक, कारण सारख्याच दिसणाऱ्या नावाने फसवणूक होऊ शकते. म्हणून ‘.कॉम’सारख्या सर्वोच्च स्तरावरील नावांसाठी ‘आयकॅन’च्या नियमांत अशी अक्षरे एकमेकांची पर्यायी रूपे मानली जातात. एक रूप एकाला मिळाले, की दुसरे रूप त्रयस्थाला मिळत नाही.

मराठीत असे होते का?

होते. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ या शब्दांतील आडवा रफार दोन प्रकारे टंकता येतो : नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे ‘झेडडब्ल्यूजे’ हे न दिसणारे चिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, संकेतांक मात्र वेगळे. आडनावात असा रफार असेल आणि यादीत नाव सापडत नसेल, तर शोध घेताना दुसऱ्या पद्धतीने टंकून पाहावे, किंवा आडनावाचा रफार नसलेला भाग तेवढा शोधावा.