चिखल, खडी आणि पूल : आयोवातील काउंटी रस्त्यांचा मागोवा

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवा या राज्यात सार्वजनिक रस्त्यांची एकूण लांबी सुमारे १,१४,००० मैल, म्हणजे १,८३,००० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्यांपैकी जवळजवळ ९०,००० मैल रस्ते राज्य सरकारकडे किंवा शहरांकडे नसून काउंट्यांकडे आहेत. काउंटी हा राज्याच्या खालचा प्रशासकीय घटक. लोकांनी निवडलेले पर्यवेक्षक मंडळ तिचा कारभार पाहते, त्यामुळे कामाच्या दृष्टीने ती आपल्या जिल्हा परिषदेच्या जवळ जाते. मात्र आकाराने ती पुष्कळच लहान असते. आयोवात अशा ९९ काउंट्या आहेत, एकेकीचे क्षेत्रफळ साधारणपणे दीड हजार चौरस किलोमीटर आहे आणि कित्येक ग्रामीण काउंट्यांची लोकसंख्या दहा-बारा हजारांच्या वर जात नाही. सरासरी काढली, तर एवढ्या लोकांच्या वाट्याला सुमारे नऊशे मैल रस्ते आणि दोनशेच्या आसपास पूल येतात. हा भार त्यांच्यावर कसा आला आणि गेल्या दीडशे वर्षांत तो कोणी, कशाच्या बळावर उचलला, हे पाहिल्याशिवाय अमेरिकेच्या शेतीप्रधान प्रदेशाचा इतिहास पुरता कळत नाही.

या भाराचे मूळ जमिनीच्या मोजणीत आहे. १७८५ च्या भूमी अध्यादेशानुसार नव्या प्रदेशाची आखणी चौकोनांत झाली : सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे ३६ भाग आणि प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. वसाहती वाढत गेल्या तसे रस्तेही याच भागांच्या सीमारेषांवरून काढले गेले आणि त्यांच्यासाठी बहुधा ६६ फूट रुंदीची पट्टी राखली गेली, कारण मोजणीदाराची साखळी तेवढ्याच लांबीची होती. प्रत्येक शेतकऱ्याला रस्ता मिळेल अशी ही न्याय्य सोय होती. परंतु नकाशावर ओढलेल्या सरळ रेषेला टेकडी, ओढा किंवा दलदल यांची तमा नव्हती. रस्ता चढावरून सरळ वर गेला, ओढा वाटेल तिथे ओलांडला गेला आणि दर मैलाला मोरी किंवा पूल बांधण्याची गरज पुढच्या पिढ्यांच्या माथी बसली. आजच्या कितीतरी अडचणी या एका निर्णयातून निघालेल्या आहेत, आणि रस्ता काढतानाच तो पुढे कोण राखणार हे विचारले गेले नाही, याची किंमत अजूनही मोजली जात आहे.

एकोणिसाव्या शतकात रस्ते राखण्याची रीत वेठीच्या जवळ जाणारी होती. टाउनशिपमधील धडधाकट पुरुषांनी वर्षातले ठरावीक दिवस रस्त्यावर काम करायचे किंवा त्याबदली पैसे भरायचे, असा नियम होता. शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा, जमेल ती अवजारे घेऊन आणि तांत्रिक देखरेखीविना हे काम होई. कडेच्या चरातली माती उपसून मधोमध टाकली की काम झाले असे समजले जाई. पहिल्या पावसात ती माती पुन्हा चिखल होऊन बसे.

आयोवाचा चिखल हा केवळ पावसाचा परिणाम नाही. हिवाळ्यात जमीन काही फूट खोलीपर्यंत गोठते. गोठताना बारीक मातीत खालचे पाणी वर ओढले जाते आणि बर्फाचे पातळ थर जमत जातात. मार्चमध्ये ऊन पडू लागले की वरचा थर आधी वितळतो, पण खालचा थर गोठलेलाच राहतो, त्यामुळे वितळलेल्या पाण्याला खाली झिरपायला वाट मिळत नाही. ते वरच्या मातीत अडकते आणि रस्त्याचा पृष्ठभाग फुगून, हलून, चाकाखाली खचू लागतो. पिकांना पोसणारी ही काळी, सुपीक माती रस्त्याला मात्र कधीच मानवली नाही. वसंतातले काही आठवडे शेतकऱ्याला बाजार, मुलांना शाळा आणि आजाऱ्याला डॉक्टर दुरावत असे. १८९६ पासून केंद्रीय टपाल खात्याने खेड्यापाड्यांत घरपोच टपाल देण्याचा प्रयोग सुरू केला आणि १९०२ मध्ये ती सेवा कायम झाली. रस्ता वाहतुकीला योग्य नसेल तर टपालाचा मार्ग मंजूर होणार नाही, ही अट तिच्यासोबत आली. नव्या करांना कडाडून विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांनाही चांगल्या रस्त्याचे मोल पटण्यास या अटीचा मोठा हातभार लागला.

याच सुमारास शेजारच्या मिसूरी राज्यातील मेटलंड गावचा शेतकरी डी. वॉर्ड किंग याने लोकप्रिय केलेले साधन विशेष लक्ष देण्याजोगे आहे. एक ओंडका लांबीत दुभंगून त्याचे दोन अर्धे भाग, सपाट बाजू पुढे करून, सुमारे अडीच फुटांच्या अंतरावर आडव्या दांड्यांनी जोडायचे. वर एक फळी टाकून हाकणाऱ्याने तिच्यावर उभे राहायचे आणि घोड्यांच्या जोडीने हा सांगाडा रस्त्यावरून तिरका ओढत न्यायचा, एवढेच ते तंत्र होते. तिरकेपणामुळे कडेची माती थोडीथोडी मध्याकडे सरकते, चाकोऱ्या बुजतात आणि मधला भाग उंच होऊन पाणी दोन्ही बाजूंच्या चरांकडे वाहून जाते. मात्र सारी मदार वेळेवर होती : पाऊस थांबल्यानंतर, माती ओली असली तरी चिकटत नाही अशा अवस्थेत हा ओंडका फिरवला, तर माती दाबली जाऊन वाळल्यावर कठीण कवच धरते आणि पुढच्या पावसाचे पाणी आत शिरू देत नाही, दोन दिवस उशीर झाला, तर तीच मेहनत फुकट जाते. १९०५ च्या सुमारास किंग आयोवात रेल्वेने गावोगाव फिरून व्याख्याने देत असे. त्याच्या सांगण्यात यंत्र नव्हते, मोठा खर्च नव्हता, होती ती फक्त नियमितता. रस्ता एकदा बांधून संपत नाही, प्रत्येक पावसानंतर तो पुन्हा करावा लागतो, ही जाणीव सामान्य शेतकऱ्यात त्याने रुजवली, आणि रस्त्यांच्या इतिहासात तिचे स्थान अनेक नावाजलेल्या महामार्गांपेक्षा वरचे मानले पाहिजे.

मातीच्या रस्त्याला शिस्त लागत असताना पुलांचा कारभार मात्र बिघडलेला होता. १९०४ मध्ये एम्स येथील राज्य महाविद्यालयाकडे महामार्ग आयोगाचे काम सोपवण्यात आले आणि त्याच वर्षी अभियांत्रिकीची पदवी घेतलेला टॉमस मॅक्डोनल्ड हा तरुण त्या कामाला लागला. काउंट्यांचे पूल पाहताना त्याला आढळले की पूल बांधणाऱ्या कंपन्या आपसांत संगनमत करून निविदा भरतात, मंडळांकडे आराखडा तपासणारा जाणकार नसतो आणि जादा दराने बांधलेला पूलही पुरेसा भक्कम नसतो. यावर १९१३ च्या कायद्याने इलाज केला. आयोगाला स्वतंत्र अस्तित्व आणि देखरेखीचे अधिकार मिळाले, पुलांचे प्रमाणित आराखडे पुरवले जाऊ लागले आणि प्रत्येक काउंटीला अभियंता नेमणे बंधनकारक झाले. काउंटी अभियंता हे पद तेव्हापासून ग्रामीण रस्त्यांच्या केंद्रस्थानी आहे : निधी अपुरा असताना कोणता रस्ता आधी, कोणता पूल बंद, हे लोकांसमोर उभे राहून सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. मॅक्डोनल्ड स्वतः १९१९ मध्ये केंद्रीय रस्ते विभागाचा प्रमुख झाला आणि १९५३ पर्यंत त्या पदावर राहिला. साऱ्या देशाच्या रस्त्यांना वळण देणाऱ्या या माणसाचे शिक्षण आयोवाच्या चिखलात झाले, हे विसरता येत नाही.

अभियंता येण्यापूर्वी सगळीच मंडळे अदूरदर्शी होती असे मात्र नाही. मॅडिसन काउंटीतील छपराचे लाकडी पूल १९९२ च्या कादंबरीमुळे आणि १९९५ च्या चित्रपटामुळे जगभर ठाऊक झाले, आणि त्यांच्याकडे प्रेमकथेची पार्श्वभूमी म्हणूनच पाहिले जाते. वास्तविक त्या छपरांमागे काटेकोर हिशेब होता. पुलाच्या तळाचे जाड वासे महाग होते, छपराच्या आणि भिंतींच्या फळ्या स्वस्त होत्या. स्वस्त लाकूड उन्हापावसाला तोंड देत राहिले आणि वेळोवेळी बदलले, तर महाग लाकूड दीर्घकाळ टिकते, म्हणून पर्यवेक्षक मंडळाने पूल झाकण्याचे ठरवले. अशा १९ पुलांपैकी ६ आज उभे आहेत. देखभालीचे शास्त्र म्हणून जे आज शिकवले जाते, त्याचा गाभा या निर्णयात आहे.

१९२९ मध्ये बर्गमन कायदा संमत झाला आणि पुढच्या वर्षीपासून टाउनशिपांकडचे रस्ते काउंट्यांकडे आले. शेकडो लहान मंडळांत विखुरलेला पैसा आणि यंत्रसामग्री यामुळे एका हाती आली, अंगमेहनतीच्या रूपातला जुना कर इतिहासजमा झाला आणि मातीच्या रस्त्यांवर खडी पसरण्याची मोठी मोहीम शक्य झाली. येथे निसर्गाने मात्र समान वाटप केले नव्हते : राज्याच्या उत्तर-मध्य भागात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या खाणी होत्या, पूर्वेकडे फोडण्यासारखा चुनखडक होता, पण दक्षिणेला आणि पश्चिमेकडील, वाऱ्याने साचलेल्या मऊ मातीच्या टेकड्यांत खडी दुरून आणावी लागे. याच काळात मोटार ग्रेडर हे यंत्र आले, ज्यात पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध एक लांब तिरके पाते असते. कॅटरपिलर कंपनीने १९३१ मध्ये आणलेले यंत्र स्वतःच्या इंजिनावर चालणारे या प्रकारातले पहिले खरे यंत्र मानले जाते. किंगचा ओंडका गेला, त्याचे तत्त्व पात्यात शिल्लक राहिले.

खडीचा रस्ता राखणे हे बाहेरून दिसते तितके सोपे काम नाही. मध्यापासून कडेपर्यंत दर फुटाला सुमारे अर्धा इंच, म्हणजे चार टक्के उतार ठेवावा लागतो. तो कमी पडला तर पाणी साचून खड्डे होतात, जास्त झाला तर चालक रस्त्याचा मध्य सोडत नाही. खडीत बारीक चिकट मातीचा अंश असावा लागतो, कारण तोच दाणे धरून ठेवतो. तो धूळ होऊन उडाला की सुटी खडी कडेला जाते आणि वाहने थांबतात किंवा वेग घेतात त्या जागी पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. त्या वळ्या नुसत्या वरवर भरून भागत नाही. ओल असताना पाते त्यांच्या तळापर्यंत घालून माल उकरावा आणि पुन्हा पसरावा लागतो. पात्याचा कोन, यंत्राचा वेग आणि ओलावा यांचा अंदाज चालकाला अनुभवानेच येतो, आणि जाणता चालक निवृत्त झाला की काउंटीचे जे नुकसान होते त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

पैशाची व्यवस्था हळूहळू बसत गेली. १९४२ च्या घटनादुरुस्तीने वाहन आणि इंधनावरील कर रस्त्यांखेरीज अन्यत्र वळवण्यास मनाई झाली, १९४४ च्या केंद्रीय कायद्याने शेतातून बाजाराकडे नेणाऱ्या दुय्यम रस्त्यांना अनुदान मिळू लागले आणि १९४९ मध्ये राज्याने रस्ते-वापर कर निधी स्थापून त्यातला वाटा काउंट्यांना दिला. त्याच वर्षी ओब्रायन काउंटीतील एका ग्रामीण रस्त्यावर, कडेला साचे न बांधता सरकत्या यंत्राने काँक्रीटचा थर घालण्याची पद्धत वापरली गेली. पुढे ती जगभरच्या महामार्गांवर रूढ झाली.

महायुद्धानंतरच्या या भरभराटीत बांधलेले पूल तेव्हाच्या वाहनांसाठी होते आणि संकट तिथूनच आले. १९८० मध्ये रॉक आयलंड रेल्वे बंद पडली, त्याच वर्षीच्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वे कंपन्यांवरील निर्बंध सैल केले आणि कमी उत्पन्नाच्या शाखा एकामागून एक उखडल्या गेल्या. रेल्वेने जाणारे धान्य आता ८०,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३६ टनांच्या मालमोटारींतून काउंटीच्या रस्त्यांवर आले, तर अनेक जुने पूल १५ टनांच्या वाहनाचा हिशेब धरून उभारलेले होते. त्याआधी, १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ जणांचा बळी गेला होता आणि १९७१ मध्ये पूल तपासणीची राष्ट्रीय मानके लागू झाली होती; १९७८ च्या कायद्याने ती सार्वजनिक रस्त्यांवरील वीस फुटांहून लांब अशा सर्वच पुलांना लावली, तेव्हा काउंट्यांच्या हजारो पुलांची खरी अवस्था प्रथमच कागदावर आली. कित्येक पुलांवर वजनमर्यादेचे फलक लागले. फलक लागला म्हणजे धान्याची गाडी काही मैलांचा वळसा घेते, आणि त्याहून गंभीर म्हणजे अग्निशमन गाडी व शाळेची बसही वळसा घेते. पुलांची संख्या आणि वय यांमुळे, वाईट स्थितीतील पुलांच्या संख्येत आयोवा आजही देशात अग्रभागी आहे.

रस्त्यांची लांबी तीच राहिली, शेतकरी मात्र कमी झाले. १९८० च्या दशकातील शेती-अरिष्टाने हा ओघ अधिकच वाढला. एका चौरस मैलात जिथे चार कुटुंबे होती, तिथे एकही उरले नाही असे पट्टे निर्माण झाले. अशा रस्त्यांसाठी कायद्याने ‘बी’ स्तराची सोय केली : या स्तराच्या रस्त्याची देखभाल किमान ठेवली जाते आणि प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर करावा असा फलक तोंडाशी असतो. जुन्या मालडब्यांचे पोलादी सांगाडे ओढ्यावर टाकून स्वस्त पूल करण्याचे प्रयोगही काउंट्यांनी केले आणि विद्यापीठाच्या चाचण्यांत ते वजन पेलतात असे दिसून आले. देशभरात २००९ नंतर काही काउंट्यांनी फुटलेले डांबर दळून रस्ते पुन्हा खडीचे केले, त्याला अनेकांनी अधोगती म्हटले. परंतु डांबर राखण्याची ऐपत नसताना खड्ड्यांचा डांबरी रस्ता ठेवण्यापेक्षा नीट राखलेला खडीचा रस्ता अधिक सुरक्षित असतो, हे प्रामाणिकपणे मान्य करण्यालाच खरे धैर्य लागते.

१९८९ नंतर आयोवातील इंधनकर वाढलेला नव्हता. सुमारे २५ वर्षांच्या महागाईने त्याची किंमत घटत गेली, तोवर काँक्रीट, पोलाद आणि डिझेल महाग होत राहिले. १ मार्च २०१५ पासून हा कर गॅलनमागे १० सेंटांनी वाढवण्यात आला, दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी त्याला मत दिले आणि काउंट्यांच्या वाट्यात भर पडली. तरीही जिथे गाडी क्वचितच जाते असा पूल पुन्हा बांधायचा की रस्ताच बंद करायचा, हा प्रश्न पर्यवेक्षक मंडळांपुढे दरवर्षी येतो. रस्ता बंद करण्यापूर्वी जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि तिथे ज्याचे शेत त्या रस्त्यावर आहे असा एखादाच शेतकरी उभा राहिला, तरी त्याचे म्हणणे नोंदवून घ्यावे लागते.